माझ्या तोंडात लोखंड नाही

मी घोडी बोलतेय. असं मागं वळून बघू नका, इथं दुसरं कुणी नाही.

लग्नात नवरदेवाला पाठीवर घेऊन हलगीच्या ठेक्यावर जी पाय टाकते, तीच मी. नाव रंभा. अंगानं ठेंगणी, रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका आणि जिभेवर टाक्यांची खूण. वय चौदा. घोड्यांच्यात चौदा म्हणजे लेकीसुना झालेल्या बाईचं वय. या वयात कुणाची भीड ठेवायची नसते, मीही ठेवणार नाही. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंतचे पाढे मला पाठ आहेत, कारण आमच्या गोठ्याच्या भिंतीला लागूनच प्राथमिक शाळा आहे. त्यापुढचं मला विचारू नका.

माझा जन्म श्रीपूरचा. साखर कारखान्याच्या पल्याड माळावर भीमा मेंढपाळाचा तळ पडला होता, तिथं मी आईच्या पोटातून खाली आले आणि उभी राहते न राहते तोच चालायला लागले, कारण तळ हलणार होता. मेंढपाळाच्या घोडीला बाळंतपणाची रजा नसते.

माझ्या आईच्या पाठीवर अख्खा संसार असायचा. हंडे, घोंगड्या, खुराड्यातल्या कोंबड्या, लंगडणारं एखादं कोकरू आणि सगळ्यांच्या वर भीमाचं तान्हं लेकरू. तोंडात मात्र काही नाही. गळ्यात नुसता सुती दोर. भीमाची बायको पुढं चालायची, सासूला शिव्या घालत, आणि आई तिच्या मागं. बाई थांबली की आई थांबायची. बाई कालव्याकडं वळली की आई वळायची. मला वाटायचं, जगातली सगळी घोडी अशीच चालत असतील. लहानपणी काय काय वाटतं.

पुढं भीमानं मला अकलूजच्या बाजारात उभं केलं. तिथं सोलापूरचा अमृत आला. त्यानं माझे दात बघितले, खूर उचलून बघितले, मग शेजारी कुणीतरी हलगी वाजवत होता तिकडं माझे कान टवकारलेले बघितले. म्हणाला, "हिचा पाय वरातीचा हाय." झालं. मी सोलापूरला आले.

अमृतला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेळगीतल्या गोठ्यात तो सकाळी स्वतःचा चहा घ्यायच्या आधी मला हरभरा देतो, अंगाला खरारा करतो, नालात खडा अडकला तर हातातली भाकरी ठेवून उठतो. पण माणूस भित्रा. सगळ्यात जास्त भितो गर्दीला. "लगनात लेकरं असत्यात पायात," म्हणायचा. "हिनं लाथ झाडली तर मी तोंड कुटं दाखवू?" या भीतीपायी त्यानं माझ्या तोंडात काटेरी कडी घातली.

कडी म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही लोक नवरदेवाचा फेटा बघता, घोडीचं तोंड कोण बघतं? लगामाला जोडलेली ती लोखंडी दांडी असते, ती जिभेवर आडवी बसते. माझ्या कडीच्या मधोमध दातेरी चकत्या होत्या. लगाम जरा ओढला की चकत्या जिभेत. घोडी मान उंच करून, डोळे मोठे करून, तोंडाला फेस आणून नाचायला लागते. लोक म्हणतात, "वा! काय रुबाब!" तो रुबाब नव्हे, बाबांनो. दाताखाली मिरची आल्यावर तुम्ही नाचता, तसं ते आहे.

तरी मी बरीच वर्षं काढली. अमृतचा हात हलका. लगाम तोच धरून पुढं चालायचा, आणि नवरदेवाला एवढंच काम असायचं, की खाली पडायचं नाही. तेही पुष्कळांना जमत नसे. नवरदेव म्हणजे काय चीज असते, ते मला विचारा. मंडपात वाघ असतो, माझ्या पाठीवर आला की मांजर. वजन कितीही असो, मुठी माझ्या आयाळीत अशा आवळतो की जणू सासरा मागं लागलाय.

घात केला तो फोटोनं. तुम्हाला खोटं वाटेल, पण प्रत्येक लग्नात फोटोवाला हेच म्हणतो, "दादा, लगाम जरा हातात घ्या, राजासारखे दिसाल." आणि घोडेवाला नवरदेवाच्या हातात लगाम देतो. द्यायचा नसतो. पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?

टेंभुर्णीला हमरस्त्याच्या कडेला एक मंगल कार्यालय आहे, तिथली ती वरात. नवरदेवाचं नाव पृथ्वीराज, आणि मांड्या लटलटत होत्या. फोटोवाल्याच्या हट्टापायी अमृतनं लगाम त्याच्या हातात दिला, वरून ते फोटो काढणारं उडतं यंत्र घोंगावत आलं, आणि पृथ्वीराजानं घाबरून दोन्ही हातांनी लगाम छातीपर्यंत ओढला. माझ्या तोंडात काय झालं ते मी वर्णन करणार नाही. तुम्ही जेवून वाचत असाल. त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर लाल थेंब उडाले तेव्हा त्याची आत्या म्हणाली, "अगं बया, कुंकू सांडलं वाटतं कुणाच्या तरी हातनं!"

कुंकू नव्हतं ते.

घरी आल्यावर अमृतची बायको मथुराबाई तांब्या घेऊन पुढं आली, वरातीहून आलेल्या घोडीच्या पायावर पाणी घालायची तिची रीत. तिनं माझं तोंड बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. मथुराबाई माझ्यासारखीच, पंचेचाळिशीची, ठेंगणी आणि तोंडानं फटकळ. नवऱ्याला म्हणाली, "हे तुमच्या तोंडात घालू का उद्यापास्नं? भाकरी खाताना काढीन."

"अगं, मुद्दाम केलं का मी?"

"मुद्दाम न्हाय केलं. म्हनून तर तोंडात घालून बघा म्हनते. मुद्दाम न्हाय घालनार मी बी."

जनावरांच्या डॉक्टरनं माझी जीभ शिवली. जाताना सांगून गेले, की काटेरी कडीला कायद्यानंच बंदी आहे, आणि आता साधी कडीसुद्धा बसली तर या जखमेवरच बसणार. अमृतनं मान हलवली. पण मला त्याचं मन कळतं. तो काटेरी कडीच्या जागी साधी आणणार होता. लग्नसराई तोंडावर आली होती, आणि बिनलगामाच्या घोडीवर कोण आपला पोरगा बसवणार?

त्यावर मथुराबाईनं जे केलं, ते शेळगीत अजून सांगतात.

ती ऊसतोडीच्या गाडीवर वाढलेली. बापामागं बैलगाडी हाकायची. एका सकाळी तिनं माझ्या गळ्यात सुती दोर टाकला, लुगड्याचा काष्टा आवळला, गोठ्याबाहेरच्या दगडावर चढली आणि खोगीर नाही, काही नाही, अशी माझ्या पाठीवर आली.

"अवो बघा," नवऱ्याला म्हणाली, "बैलाला मी पायाच्या अंगठ्यानं वळवायची. ही तर बाईमाणूस हाय, हिला जास्त कळंल."

मला कळलं की. पण तिला काही कळत नव्हतं. उजवीकडं जायचं म्हणून ती "हाऽऽ, हिकडं, हिकडं!" असं कानात ओरडली. मला काय माहीत हिकडं म्हणजे कुठं? मी थांबले. ती पुढं झुकली. मी निघाले. ती घाबरून मागं रेलली. मी परत थांबले. ती कडब्याच्या गंजीत. अमृत हसला नाही, हे त्याचं नशीब.

पण बाई जिद्दीची. रोज सकाळी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात आमची जोडी. आणि हळूहळू तिला समजत गेलं, की ओरडून काही उपयोग नाही. बघायचं. ज्या बाजूला जायचं तिकडं नुसतं बघायचं. माणूस बघतो तेव्हा त्याचं डोकं वळतं, डोकं वळलं की खांदा वळतो, खांद्यामागं कंबर, आणि कंबर वळली की एका बाजूचं कुल्लं माझ्या पाठीवर जड होतं. मला तेवढं पुष्कळ. आणि थांबायचं असलं की श्वास सोडायचा. पोतं खाली ठेवल्यावर हमाल सोडतो तसा. अंग ढिलं पडतं, पाठीवर ओझं बसतं, मी थांबते.

यात जादू नाही. माझ्या पाठीवर माशी बसली तरी मला कळते. तुम्ही साठ-सत्तर किलोचं माणूस बसवता आणि वर विचारता, की लगाम नसेल तर हिला कळणार कसं!

सगळ्यात अवघड गोष्ट तिला शेवटी समजली. भीती वाटली की माणूस आवळतो. हात आवळतो, मांड्या आवळतो, दम धरून बसतो. आणि आवळलेलं माणूस पाठीवर असलं की मला वाटतं, मागं वाघ लागलाय, पळा. म्हणजे भ्यायचं त्यानं आणि पळायचं मी. मथुराबाई एकदा कुत्र्यांच्या भांडणात अशीच आवळली आणि मी उधळले. मग तिनं काय केलं, तर सगळं सोडून दिलं. मुठी सोडल्या, पाय सोडले, भरून घेतलेला दम सोडला. म्हणाली, "जा बाई कुटं जायचं तितं." मी उभीच राहिले. कुठं जाणार? हरभरा तर घरीच होता.

आम्ही दोघी तरबेज झालो, पण गिऱ्हाईक फिरकेना. येणारा प्रत्येक बापया माझ्या तोंडाकडं बघून तेच विचारायचा, "लगाम न्हाय? मग ब्रेक कसा लावायचा?" एकानं तर हँडल कुठं आहे तेही विचारलं. अमृतचा चेहरा उतरत गेला. एक दिवस तो बाजारातून नवीन कडी घेऊन आला. साधी, गुळगुळीत. गोठ्याच्या खुंटीला टांगली.

त्याच आठवड्यात भुवनेश्वरी आली.

नव्या पेठेतल्या धोंडप्पांची ही एकुलती एक लेक. धोंडप्पांचं कापडाचं दुकान, आणि घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. पोरगी स्कूटीवरून बँकेत कामाला जायची, तेव्हा मैदानात मथुराबाईला माझ्यावर बघायची. आता तिचं लग्न ठरलं होतं, आणि तिला परण्या काढायची होती. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून, वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, ती. काढतात ती नवरदेवाची. हिला स्वतःची काढायची होती.

"मावशी, मला हीच घोडी पाहिजे," ती मथुराबाईला म्हणाली. "आणि अशीच पाहिजे. तोंडात काही न घालता."

धोंडप्पा सोबत होते. त्यांनी दोन्ही हात हलवले. "बेड, बेड! असं नको! घोडीवर बस, मी नाही म्हणत नाही. माझ्या पोरीची परण्या पेठेतनं निघूदे, जळणारे जळूदेत. पण लगाम पाहिजेच. पेठ म्हणजे काय रान आहे का?"

"अप्पा, मग तुम्ही बसा लगाम लावून. मी चालत जाते."

"मी कशाला बसू? माझं लग्न झालंय."

"त्याला काय लगाम लागला होता?"

धोंडप्पा माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मीच हे बोलले. मग अमृतकडं वळून हळूच म्हणाले, "आईवर गेली आहे." आणि कबूल झाले.

अमृत मात्र कबूल होईना. शेवटी माझ्या गव्हाणीपाशी उभं राहून नवराबायकोचा करार झाला, तो मी शब्दाशब्दानं ऐकला.

"एकदाच," अमृत म्हणाला. "कडी मी पिशवीत घेनार. पेठेत जरा जरी गडबड झाली, तर तितंच जागेवर तोंडात घालनार. आनि परत ह्यो इषय काढायचा न्हाय. कायमचा."

"आनि न्हाय झाली गडबड, तर?"

"तर बघू."

"बघू न्हाय. तर कडी भंगारात. कायमची."

अमृतनं बराच वेळ माझी मान खाजवली. "व्हय," म्हणाला.

म्हणजे माझ्या जिभेचा निकाल नव्या पेठेत लागणार होता. आणि तो लागणार होता एका नवख्या पोरीच्या हातून, जिनं माझ्या आधी फक्त स्कूटी चालवली होती. मला विचारलं असतं तर मी दुसरी पोरगी मागितली असती.

पण मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. भुवनेश्वरी पहाटेच्या गारव्यात मैदानात यायची. आधी ब्रेकसाठी बोटं वळवायची, हवेतच. मथुराबाई ओरडायची, "अगं, मूठ कशाला? तितं काय हाय धरायला? तिकडं बघ, कुटं जायचं ते!" हळूहळू बोटं सुटली. माझ्याशी ती कानडीत बोलायची. मला कानडी येत नाही, पण "बा" म्हणताना तिची कंबर पुढं यायची, तेवढं मला समजायचं. पडली एकदाच. उठून आधी माझ्याच गळ्यात पडली, तेव्हा माझं मत बदललं.

परण्येचा दिवस उजाडला. भुवनेश्वरीच्या अंगावर हिरवी इरकल, डोक्याला मुंडावळ्या, नाकात नथ. माझ्या गळ्यात नवा सुती दोर आणि झेंडूची माळ. पुढं हलगीवाले, मागं धोंडप्पांचं सगळं गणगोत. ठरल्याप्रमाणं मथुराबाई माझ्या पुढं आणि अमृत माझ्या मागं. त्याच्या पिशवीत कडी. चालताना ती खुळखुळायची. हलगीच्या आवाजातसुद्धा मला ती ऐकू यायची.

जाताना सगळं झकास झालं. पेठेतली माणसं दुकानातनं बाहेर आली. बायका साड्या बघायचं सोडून आम्हाला बघत होत्या. एक रिक्षावाला रिक्षा आडवी लावून उभाच राहिला. "पोरगी बसलीय बघ! अन् लगाम न्हाय बे घोडीला!" मी मुद्दाम पाय उचलून टाकला. दुखत नसताना नाचायला किती मजा येते, हे मला त्या दिवशी कळलं. मारुतीपुढं भुवनेश्वरीनं श्वास सोडला, मी थांबले. नारळ फुटला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मला मिळाला. धोंडप्पा डोळे पुसत होते आणि धूर डोळ्यात गेला असं सांगत होते. धूर कुठंच नव्हता.

परत येताना पेठेच्या सगळ्यात अरुंद जागी एका उत्साही पाहुण्यानं फटाक्यांची माळ लावली. माझ्या पुढच्या पायांपाशी.

खोटं सांगत नाही, मी भ्याले. पुढं आग, दोन्ही बाजूंना माणसं. पुढं जाता येईना म्हणून मी मागं सरले. तिरकी होत मागं सरले, अजून मागं सरले, आणि एकदम सावली आली. फटाके संपले. धूर विरला. बघते तर काय, माझं तोंड रस्त्यावर आणि मागचं अर्धं अंग एका बांगड्यांच्या दुकानात.

डावीकडं बांगड्या, उजवीकडं बांगड्या, शेपटीला बांगड्या. काचेच्या. छतापर्यंत.

आतून गुरम्माचा आवाज आला. गुरम्मा म्हणजे त्या दुकानाची म्हातारी मालकीण. माझ्या मागच्या पायांशेजारी, गादीवर, ती मांडी घालून बसली होती. "अय्यो! कुणाची घोडी ही? माझ्या तोंडासमोर हिचं ढुंगण! कुणीतरी हिला पुढं घ्या रे, मला हलता येईना!"

हलगी थांबली. मथुराबाई गर्दीच्या पलीकडं अडकली होती, तिला माणसं पुढं येऊ देईनात. भुवनेश्वरीच्या मांड्या माझ्या बरगड्यांना आवळल्या होत्या, मुठी आयाळीत. तिचा दम तिच्या छातीतच अडकलेला. आणि माझ्या अंगात एकच गोष्ट भरत होती, ती म्हणजे पळ. एक लाथ झाडली असती तर निम्मी पेठ काचा वेचत बसली असती. आणि गुरम्मा? तिचं नावसुद्धा मला काढवत नाही.

अमृत धावत आला. पिशवीतनं कडी काढली. गर्दी ओरडली, "घाला, घाला! लगाम घाला!" धोंडप्पा ओरडले, "घाला हो लवकर!" अमृतनं माझ्या जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा घातला. घोड्याचं तोंड असंच उघडतात. मी उघडलं. दुसरं काय करणार?

त्याचा अंगठा माझ्या जिभेवर आला. टाक्यांच्या खुणेवर. तिथं मांस अजून गाठीसारखं आहे. अंगठा तिथंच थांबला. अमृतनं माझ्याकडं बघितलं. त्यानं इतक्या जवळून मला बघितल्याचं मला आठवत नाही. एरवी तो माझे दात बघतो, खूर बघतो.

मग त्यानं अंगठा बाहेर काढला. कडी परत पिशवीत टाकली. आणि जन्मभर गर्दीला भिणारा तो माणूस गर्दीकडं वळून असा गरजला, की मीसुद्धा कान पाडले. "मागं सरा! सगळे मागं सरा! एकानं बी तोंडातनं आवाज काढायचा न्हाय! फटाकेवाल्या, तू तर सगळ्यात मागं!"

रस्ता मोकळा झाला. अमृत वर बघून हळू आवाजात म्हणाला, "पोरी, मला ह्यातलं काय येत न्हाय. तुला शिकवलंय ते तूच कर."

मग माझ्या आयाळीतल्या मुठी सुटल्या. एक बोट, दुसरं बोट. मांड्या ढिल्या झाल्या. आणि तिनं श्वास सोडला, लांब, पेठेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. माझ्या अंगातली पळ कुठल्या कुठं गेली. भुवनेश्वरीनं समोर बघितलं, सरळ, रस्त्याच्या पल्याड. कंबर पुढं आली. "बा," ती म्हणाली.

मी एक पाय टाकला. मग दुसरा. मागचे पाय असे उचलले, जसे पाळण्यात झोपलेल्या लेकराजवळून उचलावेत. शेपटी पोटाशी धरली. बाहेर येता येता माझ्या मांडीला बांगड्यांची एक दांडी घासली. किण्ण. बस्स. एकच बांगडी.

मी रस्त्यावर आले. मग हलगीवाल्यानं एक थाप दिली आणि पेठ फुटली. शिट्ट्या काय, टाळ्या काय, रिक्षावाले हॉर्न वाजवतायत.

भुवनेश्वरीचा चेहरा मात्र पडला होता. "गुरम्मा, आज बांगडी फुटली माझ्यामुळं..."

गुरम्मा दाराशी आली होती, अंगावरची धूळ झटकत. "फुटली म्हणू नको गं लग्नाच्या दिवशी. वाढली म्हण. आण हात." आणि त्या म्हातारीनं, ती खाली उभी आणि नवरी माझ्या पाठीवर, अशी तिथंच भर रस्त्यात तिच्या हातात हिरवा चुडा भरला. मी हलले नाही. माशी बसली होती कानावर, तरी हलले नाही. चुडा भरून झाल्यावर गुरम्मा माझ्याकडं वळली आणि माझ्या नाकावर एक चापट मारली. "आणि तू, परत यायचं असलं तर तोंड पुढं करून ये."

लग्न लागलं. जेवणं उठली. मला गूळ मिळाला, पुरणाची पोळी मिळाली, आणि धोंडप्पांनी स्वतः माझ्या अंगावर चादर घातली. संध्याकाळी कार्यालयामागच्या गल्लीतून आम्ही तिघं घरी निघालो. कोपऱ्यावर भंगारवाल्याचा गाडा उभा होता. अमृतनं पिशवीतली कडी काढली आणि गाड्यात टाकली. मोठा आवाज झाला. भंगारवाल्यानं विचारलं, "वजन करू?" अमृत म्हणाला, "नगं."

मथुराबाई तोंड फिरवून पदर सारखा करत होती. मग एकदम म्हणाली, "बसा."

"कुटं?"

"कुटं म्हंजी? हिच्यावर. इतकी वर्सं घोडी राखली, बिनलगामाचं एकदा तरी बसलाय का?"

अमृत ओट्यावरून माझ्या पाठीवर चढला. आणि काय सांगू तुम्हाला, माझा मालक, घोडेवाला, नवरदेवासारखा लटलटत होता. हात दोन्ही हवेत. त्यांचं काय करायचं तेच त्याला कळेना. मी दोन पावलं टाकली तसा ओरडला, "मथे! अगं, हिला थांबवायचं कसं?"

मथुराबाई पुढं चालत होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "घर आलं की थांबंल ती!"

वाटेत मी जरा दुडकी चाल धरली. मुद्दाम. एवढी वर्षं जीभ झिजवली, एवढा हक्क माझाही होताच की.

आता माझं बरं चाललंय. गिऱ्हाइकं येतात, हसणारी येतात, टिंगल करणारीही येतात. नवऱ्या जास्त येतात, आणि खरं सांगू, त्या नवरदेवांपेक्षा बऱ्या बसतात. थंड पाणी प्यायलं की जिभेवरची खूण अजून झिणझिणते. दुसरे घोडेवाले येऊन अमृतला खोदून खोदून विचारतात, आणि तो मथुराबाईकडं बोट दाखवून बाजूला होतो. त्यांच्या घोड्यांची तोंडं मला दिसतात. एका घोडीच्या तोंडातलं लोखंड गेलं म्हणून सगळ्यांच्या तोंडातलं जात नाही, हे मला कळतं. म्हणून तुमच्याशी बोलतेय.

तुमच्या घरी लग्न निघालं आणि घोडा ठरवायला गेलात, तर फेटा नंतर बघा, झूल नंतर बघा. आधी त्या जनावराचं तोंड उघडायला सांगा, आणि स्वतः वाकून आत बघा. मालकानं नाही म्हटलं तर समजून जा आणि चालत जा. मारुती काही रागावत नाही.

आणि माझ्याकडं आलात, तर रिकाम्या हातानं या. धरायला माझी आयाळ आहे, आणि भ्यालात तर तीही सोडून द्या. मी कुठं जात नाही.